सोबत रेझ्युमे जोडला आहे

मागच्या महिन्यात अमरावतीहून भाच्याचा फोन आला. गाडगेनगरच्या खोलीवर बसून त्यानं पुण्यातल्या एका कंपनीत अर्ज केला होता. "मामा, मेल पाठोला. एकडाव पाहून घ्या न."

मी पाहिला. विषयाच्या जागी 'रेझ्युमे' एवढा एकच शब्द. खाली पीडीएफ जोडलेली. मधली जागा कोरी.

"मधात काहीच काहून नाही लिहिलं?"

"काय लिहू मामा? सगळं तं रेझ्युमेतच हाय."

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. पण त्या कोऱ्या जागेनं मला माझ्या आजोबांपाशी नेलं. आजोबा अकोल्याला कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसायचे. लोक यायचे, खाली उकिडवे बसायचे, आणि आजोबा त्यांचे अर्ज टाइप करायचे. त्यांच्या धंद्यात मजकूर कधी कोरा राहत नसे. तो भरलेलाच असायचा, फक्त ज्याचा अर्ज त्याचे शब्द त्यात नसायचे.

'अर्ज' हा शब्द मुळात अरबी, फारशीतून आपल्याकडे आला. समोर मांडणं, निवेदन करणं हा त्याचा अर्थ. धाकट्यानं थोराकडे पाठवायच्या लेखी विनंतीला 'अर्जदास्त' म्हणत. मराठी पत्रांत हेच काम 'विज्ञापना' करायची. पत्र कोणाला जातंय, तो थोर की बरोबरीचा की धाकटा, यावर सुरुवातीचा मायना ठरे. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत असे मायने आहेत, आणि कारकुनाच्या पोराला ते शिकावे लागत. मोडी वळणदार हवं आणि मायना चुकता कामा नये. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' हे त्याच घराण्यातलं वाक्य. त्याचं पुढे 'स.न.वि.वि.' झालं आणि आजही काही घरांतल्या पत्रांत ते दिसतं.

1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या दीड दशकात रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. कचेऱ्या आल्या, कोर्टं आली, शाळा आल्या. त्याआधीच, 1844 मध्ये, लॉर्ड हार्डिंगच्या सरकारनं ठरवलं होतं की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचं. म्हणजे अर्जाचा कागद तोच राहिला, मायना मात्र बदलला.

इंग्रजी पत्राच्या शेवटी 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' लिहायची पद्धत होती. इंग्लंडात मोठमोठे अधिकारीही एकमेकांना तसंच लिहीत. त्यांच्यासाठी तो निव्वळ शिष्टाचार होता. आपल्याकडे तो 'आपला आज्ञाधारक' होऊन आला आणि शाळेच्या पत्रलेखनात कायमचा बसला. आपण मात्र तो खरा धरून पाळला.

याच कचेऱ्यांनी आपल्याला 'उमेदवार' दिला. उमेद म्हणजे आशा. आशेवर असलेला तो उमेदवार. एखादी जागा रिकामी होईल या आशेनं कचेरीत येऊन बसायचं, पगार नसताना नकला करायच्या, साहेबाच्या नजरेत राहायचं. 'उमेदवारी करणं' हा शब्दप्रयोग त्यातलाच. आज त्याला अनपेड इंटर्नशिप म्हणतात. आणि उमेद पुरी पडत नसेल तिथं वशिला. हाही अरबी शब्द. जवळ पोहोचवणारं साधन, असा त्याचा अर्थ.

मायना, अर्जनवीस, वशिला या तिन्हींचं काम एकच होतं. ते उमेदवाराच्या वतीनं बोलायचे. ज्याला काम हवं होतं, तो स्वतः त्या कागदावर जवळपास नसायचाच.

अकोल्याशी जोडलेलं एक पत्र मात्र या रिवाजाच्या उलट आहे. गोपाळ गणेश आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. घरची गरिबी. कऱ्हाडला त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती, म्हणजे अर्जाचा कागद त्यांनी आतून पाहिला होता. शिकायचं म्हणून ते अकोल्याला आले आणि 1875 मध्ये तिथून मॅट्रिक झाले. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. एम.ए. होत आलेल्या मुलाला तेव्हा चांगली सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी आईला पत्र लिहिलं. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामात घालवीन, असा त्याचा आशय.

तो नोकरीचा अर्ज नव्हताच. तरीही आपण कोण, काय करणार, काय करणार नाही, आणि का, एवढं त्यात होतं. ते साहेबाला नाही तर आईला लिहिलं होतं, म्हणून त्यात एकही उसना शब्द लागला नाही.

असंच दुसरं उदाहरण मद्रासचं. फेब्रुवारी 1912 मध्ये श्रीनिवास रामानुजननं पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. शिक्षण एफ.ए.पर्यंत झालं, परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, तेव्हापासून सगळा वेळ गणितात घालवतोय, हे त्यानं सरळ लिहिलं. तीस रुपये महिन्याची नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी, जानेवारी 1913 मध्ये, त्यानं केंब्रिजच्या हार्डींना पत्र पाठवलं. मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, इथून त्या पत्राची सुरुवात होते. सोबत प्रमेयांची पानं जोडली होती. हार्डींना आधी शंका आली, मग ती पानं त्यांना खाली ठेववेनात. पण पानं अनोळखी माणसापुढे ठेवण्याआधी, ती कोणाची आणि का पाठवलीत हे त्या पत्रानं सांगितलं होतं.

वऱ्हाडात स्वतःचा अर्ज स्वतः लिहिण्याची सोय शेतकऱ्याच्या पोरापर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागला. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. अशा शाळांमधून कितीतरी घरांत पहिल्यांदा कोणीतरी सही करायला शिकलं. तरी आजोबांसमोरची गर्दी कमी झाली नव्हती. इंग्रजी अर्ज लागायचा, आणि तो 'बरोबर' लागायचा. आजोबा विचारायचे, "तुले येते काय बाप्पा?" माणूस सांगायचा. विहिरीचं इंजीन खोलून जोडता येतं, जिनिंगात दोन हंगाम काढलेत. आजोबा ऐकायचे आणि ठरलेला मजकूर टाइप करायचे. इंजिनाची ओळ टाकायला त्या मजकुरात जागाच नव्हती. म्हातारपणी ते हे सांताना गप्प होत.

त्यांच्या टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मधे कार्बन असायचा. खालची प्रत ती कार्बन कॉपी. मेलमधलं 'सीसी' म्हणजे तेच. 1971 मध्ये रे टॉमलिन्सननं एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला ईमेल पाठवला. मेलला फाइल जोडायची आजची पद्धत 1992 ची. म्हणजे 'सोबत जोडले आहे' ही कचेरीतली ओळ संगणकावरही आली. स्टॅम्प गेला, रांग गेली, उकिडवं बसणं गेलं. परतवाड्याच्या पोराला आता पुण्याच्या साहेबापर्यंत मधल्या माणसावाचून जाता येतं.

आणि नेमकी तिथंच आपण जागा कोरी सोडतो. किंवा नेटवरून 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' उचलतो. किंवा चॅटबॉटला सांगतो. तो आजचा अर्जनवीस. मजकूर सफाईदार देतो, पण आपण सांगितलं नाही तर इंजिनाची ओळ त्यालाही कळत नाही.

मी भाच्याला परत फोन केला. रेझ्युमेत 'आयओटी प्रोजेक्ट' असं लिहिलं होतं, ते काय म्हणून विचारलं. तो दहा मिनिटं बोलला. वरुडला काकाच्या संत्र्याच्या बागेत त्यानं जमिनीतला ओलावा मोजायचं यंत्र बसवलं होतं. पहिल्या पावसात ते बंद पडलं, म्हणून त्यानं डबी बदलून पुन्हा बसवलं. मग काकानं त्या आकड्यांवर पाणी द्यायला सुरुवात केली.

"हे लिही," म्हटलं.

"हे? मेलमंदी?"

त्यानं दुसऱ्या एका जागेसाठी मेल लिहिला. विषयात पदाचं नाव आणि स्वतःचं नाव. मग पाच ओळी. जाहिरात कुठं पाहिली, कोणत्या कामासाठी लिहितोय, बागेतल्या यंत्राचं काय झालं, कधीपासून रुजू होऊ शकतो, फोन नंबर. फाइलचं नाव 'फायनल टू' होतं, ते बदलून स्वतःचं नाव दिलं. शेवटी 'आपला आज्ञाधारक' नाही. 'आपला' आणि खाली नाव.

उत्तर अजून आलेलं नाही. काल त्यानं तिसरा मेल पाठवला. त्यातली बागेची ओळ त्यानं न विचारता बदलली होती, आणि ती आधीपेक्षा चांगली झाली होती.