टोल आणि तास

मागे रोह्याकडच्या एका मुलाची निबंधाची वही माझ्या हाती आली. 'शाळेच्या घंटेचे टोल पडले आणि तास संपला', असे त्याने लिहिले होते. गुरुजींनी 'टोल' लाल शाईने खोडून समासात शेरा मारला होता: 'इंग्रजी शब्द टाळावा.'

पोराच्या तोंडचा शब्द असा खोडू नये. इंग्रजीत घंटेच्या नादाला टोल म्हणतात, हे खरे. पण त्या शब्दाच्या मुळाशी ओढण्याचा अर्थ आहे. चर्चच्या घंटेचा दोर ओढतात ना, तो. आपला टोल ओढायचा नाही, हाणायचा. विटीला बसतो तो टोला, चेंडू लांब घालवणे म्हणजे टोलवणे; घंटेचा टोल मला याच घरातला दिसतो. टोलनाक्यावरचा टोल तिसराच. तो जकातीचा, आणि तो मात्र इंग्रजीतून आला.

गंमत पुढेच आहे. गुरुजींनी जो शब्द आपला म्हणून राहू दिला, तो 'तास' परदेशी! फारसीत तास म्हणजे वाडगा, पसरट पेला. आपल्याकडे हे नाव वेळ कळवण्यासाठी टांगलेल्या काशाच्या थाळीला मिळाले. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडत. चोवीस मिनिटांत ते भरून बुडे, की झाली एक घटका. मग थाळीवर ठोका पडे आणि लांबच्या माणसालाही वेळ कळे. थाळी गेली, अडीच घटकांच्या, म्हणजे साठ मिनिटांच्या अवधीला मात्र तिचे नाव राहिले. (पेणच्या खारेपाटातला शेतकरी विचारील, आमच्या नांगराचे तास? ते वेगळे. ते तास, हा तास.)

शब्द राहून वस्तू गेली. पेण-रोह्याच्या शेजारी पालीला उलटे झाले. बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वाहिलेली. पोर्तुगीजांकडून १७३९ साली वसई घेतली, त्या मोहिमेतली ही लूट. पोर्तुगीजांचे पाव, चावी, पगार हे शब्द आपण घेतले. घंटेला ते म्हणत तो 'सिनो' मात्र आपल्याकडे आला नाही. पालीला ती घंटाच झाली, आणि तिचेही टोलच पडतात.