दोन महायुद्धांमधला सातारा : मेढ्यापासून शिराळ्यापर्यंत

सातारा जिल्ह्याचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात निघते, ते बहुधा १९४३ च्या प्रतिसरकारमुळे. क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, गावोगावची न्यायदान मंडळे या सगळ्याची हकिकत आपण आदराने सांगतो. मात्र ब्रिटिश सत्तेला न जुमानता स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचे धाडस या शेतकऱ्यांत एकाएकी कोठून आले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर १९१८ ते १९३९ या, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या, वीस-एकवीस वर्षांत शोधावे लागते. 'इंग्रज केव्हा जाणार' आणि 'गावातली सत्ता कोणाची' हे दोन प्रश्न या काळात साताऱ्यात प्रथम एकमेकांसमोर उभे ठाकले आणि पुढे एकत्र आले.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ब्रिटिश मुलखाच्या मधोमध औंध, सांगली, फलटण अशी संस्थाने विखुरलेली होती. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत वेण्णेकाठचे मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. चंद्रराव मोऱ्यांमुळे जावळीचे नाव इतिहासात गाजले असले, तरी विसाव्या शतकात या खोऱ्याची ओळख होती ती भात-नाचणीची तुटपुंजी शेती, सरकारी जंगल आणि मुंबईची वाट. रत्नागिरीप्रमाणेच साताऱ्याच्या घाटमाथ्यावरील माणसेही मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबत. १९२८ चा गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रदीर्घ संप हा त्यामुळे या डोंगरी गावांच्या दृष्टीने परक्या शहरातील बातमी नव्हता. मनिऑर्डर थांबली, की संप घरात आलेला असे!

दुसरी वाट फौजेची होती. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १९१६ मध्ये कुतच्या वेढ्यात शरण गेलेल्या सैन्यातही मराठा शिपाई होते. साताऱ्याजवळच्या आपशिंगे या गावातील स्मारक त्या लढाईच्या खुणा अजून सांभाळून आहे. महार समाजासाठी बंद झालेली सैन्यभरती १९१७ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यांची एक पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली. गरज सरो नि वैद्य मरो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. परतलेल्या शिपायाला गावात काय दिसले? १९१८ चा दुष्काळ, इन्फ्लुएन्झाची साथ, महागाई आणि सावकाराची वही. परमुलखात गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने लढलेला माणूस पूर्वीच्याच उतरंडीत निमूटपणे बसणे अवघड होते.

नेमक्या याच सुमारास सत्यशोधक चळवळीला नवे बळ आले. महात्मा फुल्यांच्या पश्चात मंदावलेल्या या चळवळीला राजर्षी शाहू छत्रपतींचा आधार मिळाला. त्यांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द केली आणि १९२० मध्ये क्षात्र जगद्गुरूंचे पीठ स्थापन केले. त्याचे पडसाद कृष्णाकाठी उमटल्याशिवाय राहणार नव्हते. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात खेडोपाडी सत्यशोधक जलसे फिरले. तमाशाचाच बाज, पण गण-गौळणीच्या जागी भटजी, सावकार आणि कुलकर्णी यांच्या कारवायांवर टीका. भटजीविना लग्ने लागू लागली. कुळांनी खंडाविषयी तक्रारी मांडल्या आणि काही गावांत जमीनदारांवर बहिष्कार पडला. या आंदोलनात अतिरेक झाले, एका जातीविषयीचा राग सरसकट माणसांवर निघाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्यास केवळ जातिद्वेष म्हणून निकालात काढणाऱ्यांना त्यामागचा जमिनीचा आणि कर्जाचा प्रश्न दिसला नाही, असेच म्हणावे लागते.

ब्राह्मणेतर चळवळीच्या मर्यादा मात्र लवकरच उघड झाल्या. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. कायदेमंडळाची दारे उघडल्यावर पुढाऱ्यांचे लक्ष कुळांवरून मंत्रिपदांकडे आणि लोकल बोर्डांकडे वळले आणि सरकारशी सलोख्याचे धोरण सोयीचे ठरू लागले. दलितांचा प्रश्नही या पक्षाच्या कार्यक्रमात दुय्यमच राहिला. शाहू छत्रपतींच्या उपस्थितीत १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि तेथूनच डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची स्वतंत्र वाट सुरू झाली. त्यांच्या इंग्रजी शिक्षणाचा आरंभ १९०० मध्ये साताऱ्याच्याच सरकारी शाळेत झाला होता, हे येथे सहज आठवते.

या धामधुमीत टिकाऊ काम उभे राहिले ते भाऊराव पाटलांचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. नांगर-विक्रीच्या निमित्ताने खेडी पायाखाली घातलेल्या या माणसाने सत्यशोधक विचार भाषणातून काढून स्वयंपाकघरात नेला. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एकाच पंक्तीत जेवतील आणि श्रम करून शिकतील, हा त्यांच्या वसतिगृहाचा नियम होता. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांनी हे वसतिगृह पाहिले आणि 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे त्याचे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. ब्राह्मणेतर चळवळीच्या मुशीतून घडलेला कार्यकर्ता आणि काँग्रेसचा सर्वोच्च नेता यांची ती भेट पुढील घडामोडींची नांदी होती.

या दोन प्रवाहांना एकत्र आणण्याचे मोठे काम १९३० च्या जंगल सत्याग्रहाने केले. मीठ समुद्रकाठी, साताऱ्याच्या डोंगरात कोठून आणणार? येथे लोकांना रोज जाचणारा कायदा जंगलाचा होता. गुरे चारायला फी, लाकूडफाट्याला बंदी, गवताच्या काडीलाही परवाना. शिराळा भागातील बिळाशी येथे गावकऱ्यांनी सरकारी जंगलातील साग तोडला, त्याचा ध्वजस्तंभ उभारला आणि त्यावर तिरंगा फडकवला. तो उतरवण्यास पोलीस आले, तेव्हा स्त्रियांनी पुढे होऊन निशाणाचे रक्षण केले. गोळीबार झाला, पण ध्वजाची हकिकत जिल्हाभर गेली. काँग्रेस म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या वकिलांचा पक्ष, ही समजूत या सागाच्या खांबापाशी ढासळली. त्याच वर्षी तलाठ्याची नोकरी सोडून नाना पाटील चळवळीत उतरले. पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीचे आघाडीचे नेते केशवराव जेधे याच आंदोलनाच्या काळात काँग्रेसकडे वळले.

हे स्थित्यंतर एका घरात कसे घडले, ते यशवंतराव चव्हाणांच्या 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. थोरले बंधू गणपतराव ब्राह्मणेतर चळवळीकडे ओढलेले, तर कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकणारे धाकटे यशवंतराव राष्ट्रीय चळवळीकडे. १९३२ मध्ये ध्वजवंदनाबद्दल यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात गांधीवाद आणि समाजवाद यांचा अभ्यास झाला. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, जमिनी सावकारांकडे जात होत्या. अशा वेळी रशियातील क्रांतीची चर्चा ही या तरुणांना पुस्तकी वाटत नव्हती.

१९३७ च्या निवडणुकीच्या वेळी हे बदल मतपेटीपर्यंत पोहोचले. यशवंतरावांसारख्या तरुणांच्या आग्रहामुळे शेतकरी कुटुंबातील आत्माराम पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळाली आणि ते निवडून आले. गंमत अशी, की काँग्रेसने आरंभी मंत्रिमंडळ बनविण्यास नकार दिल्याने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले ते साताऱ्याचे कारखानदार सर धनजीशा कूपर. एकेकाळी भाऊरावांनी त्यांच्यासोबत काम केले होते आणि मतभेद होऊन ते बाहेर पडले होते. कूपर मंत्रिमंडळ जेमतेम साडेतीन महिने टिकले व जुलैमध्ये बाळासाहेब खेर सत्तेवर आले.

संस्थानी मुलखात काय चालले होते, हेही पाहण्याजोगे आहे. औंध संस्थानात १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगरांबरोबर मासिकेही बाहेर पडू लागली : १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर', १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. विवाह, शिक्षण, नोकरी, अंधश्रद्धा यांविषयी मध्यमवर्गीय घरांत उठलेल्या वादांना या मासिकांनी भाषा दिली. जलशाचा श्रोता आणि 'स्त्री'ची वाचक एकमेकांना क्वचितच भेटत असतील. हे दोन्ही प्रबोधन समांतरच चालले. खुद्द औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. गांधीजींच्या सल्ल्याने, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने तयार झालेल्या या राज्यघटनेचा पाया ग्रामपंचायत हा होता. युरोपात हुकूमशहांची सरशी होत असताना बहात्तर गावांचा एक राजा आपण होऊन सत्ता सोडत होता! आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळातील. पुढे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कल्पना तिच्यावरूनच सुचली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदी जनतेला न विचारता देश युद्धात ओढला गेल्याच्या निषेधार्थ खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गावोगावी पुन्हा भरतीची पथके फिरू लागली. १९४१ मध्ये महार पलटण पुन्हा उभारण्यात आली. चार वर्षांनी प्रतिसरकारचे कार्यकर्ते ब्रिटिश पोलिसांना गुंगारा देऊन आसऱ्याला येत, ते कुंडल गाव औंध संस्थानाच्या हद्दीत होते.