घाण्यावरचे तेल आणि पिशवीतले तेल

मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, अशी चिटणीसबाईंनी गळ घातली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्याने आला तो तेलाचा डबा. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे; मी आपल्या फोडणीचा लिहिते.

माझे माहेर सोलापूर जिल्ह्यातले. तो मुलूख करडईचा. १९५० च्या सुमारास, मी सात-आठ वर्षांची असताना, आई हातात किटली देऊन मला तेल्याच्या घाण्यावर पाठवी. डोळ्यांना झापड बांधलेला बैल संथपणे फिरे, लाट करकरे आणि तेल थेंबाथेंबाने खाली उतरे. तो वास अजून माझ्या नाकात आहे. आई एका वेळी आठवड्यापुरतेच तेल आणवी. मला वाटे, ही आमची गरिबी. पुष्कळ वर्षांनी कळले की, त्यात शहाणपणही होते. हवा, उजेड आणि उष्णता लागली की करडईचे तेल लवकर खवट होते. तिळाचे मात्र अंगच्या गुणामुळे जास्त टिकते. आईला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. ती तळहातावर थेंब चोळून नाकाशी नेई, एवढेच. जुन्या तेलावर नवे तेल ती कधी ओतू देत नसे. चिनी मातीची बरणी रिकामी करून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून मगच ताजे तेल भरी. तांब्यापितळेच्या भांड्यात तेल लवकर बिघडते, हेही तिला अनुभवाने ठाऊक होते.

वनस्पती तूप त्याआधीच आले होते. मुंबईस शिवडीला १९३२ साली ते बनू लागले आणि १९३७ पासून डालडा हे नाव घरोघर गेले. इकडे वर्ध्याला १९३४ साली स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ घाणी सुधारण्याच्या खटपटीत होता. दुकानदार साजूक तुपात वनस्पती मिसळू लागले, तेव्हा सरकारने मोठी युक्तीची तोड काढली: वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम केला. तिळाचे तेल हायड्रोक्लोरिक आम्ल व साखर यांच्याबरोबर तांबडा रंग देते. म्हणजे भेसळीचे तूप परीक्षेत लाजून लाल होई! (रिकाम्या डब्यांत आपण सगळ्यांनी तुळशी लावल्या, तो इतिहास वेगळाच.)

१९६६ साली लग्न होऊन मी मुंबईला चाळीत आले आणि शेंगदाण्याच्या तेलाची सवय करून घेतली. १९७२ च्या दुष्काळानंतर मात्र तेल, साखर, रॉकेल, सगळ्यांचीच टंचाई झाली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या हाकेसरशी आम्ही बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलो. साठेबाजांच्या नावाने मीही घसा फोडून ओरडले.

आता जे कोणाला सांगितले नाही ते सांगते. त्याच दिवसांत एका दुकानदाराने चढ्या भावाने मला १५ किलोंचा अख्खा डबा दिला होता. तो मी ओट्याखाली, स्टोव्हच्या शेजारी, गोणपाटाखाली लपवला होता. शेजारच्या वहिनी मुलाच्या वाढदिवसाला वाटीभर तेल मागायला आल्या, तेव्हा मी “घरात थेंब नाही हो” म्हणाले. दिवाळीपूर्वी चकल्यांसाठी गोणपाट दूर केले, तो डब्याच्या तोंडाशीच खवट वास! तोंड नीट बंद नव्हते, वर रोजची स्टोव्हची धग. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी आमच्या दारात सर्वांत जास्त पणत्या लागल्या. वहिनींनी कौतुक केले, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आईच्या नाकाचे मी इतके गोडवे गायले, तरी नाकालाही मर्यादा आहेत. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले. माणसांच्या अंगावर सूज आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. ती भेसळ वासाने कळत नाही. त्याच वर्षी तेल बंद वेष्टनातच विकावे, असा केंद्र सरकारने आदेश काढला. म्हणून पिशवीतल्या तेलाला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. वनस्पतीचे म्हणाल, तर त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाला अपाय होतो, हे ध्यानात आल्यावर २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे.

हल्ली मी एका वेळी लिटराचीच पिशवी आणते आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, शेगडीपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवते. तळणाचे उरलेले तेल गाळून वेगळे ठेवते आणि दोन दिवसांत भाजीला संपवते. ताज्यात मिसळत नाही. सूनबाई पिशवीवरची तारीख वाचून दाखवते. मी ऐकून घेते, आणि मग तळहातावर थेंब चोळतेच.