भीमेवरचा मत्स्यविनोद

चारदोन स्नेह्यांनी सुटीच्या दिवशी हलक्या, एकट्याने वल्हवायच्या होडीतून नदीत जावे आणि गळ टाकून बसावे, या छंदाला आज ‘कयाक-फिशिंग’ म्हणतात. कयाक ही मूळ उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती शिकारीसाठी बनवीत. नाव परके असल्यामुळे हा छंदही परका, असा आपला समज होतो. होटगीसारख्या भीमा-सीनेच्या मुलखातील माणसाने तरी तो बाळगू नये.

याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल आहे. तेथे शके 940, म्हणजे इ. स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. तो कोरला गेला तेव्हा हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांचा होता. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकीची जी प्रकरणे आहेत, त्यांतील एक मत्स्यविनोद. माशांच्या जाती, खवल्यांचे मासे व बिनखवल्यांचे, कोणाला कोणते आमिष, दोरी, काठी व गळ कसा असावा, हे सारे त्यात आले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लेख लिहून ते जगापुढे आणले.

आता प्रश्न असा, की राजाला हे सांगितले कोणी? कोणता मासा कोठे दबा धरतो, हे सिंहासनावर बसून कळत नाही. ते ज्ञान पाण्यावर जगणाऱ्यांचेच असणार. ग्रंथावर नाव मात्र राजाचे राहिले.

पुढे हेच पुन्हा घडले. 1824 पासून कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करीत होता. त्याने येथील नद्यांतील माशांचे वर्णन 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केले. नावे देताना त्याने अनेकदा येथल्याच लोकांचे शब्द उचलले. म्हणून शिंगाळा आणि खुद्री हे शब्द आजही शास्त्रीय नावांत जगभर वापरले जातात. ते शब्द उच्चारणारे भोई आणि कोळी कोण होते, याची नोंद नाही.

त्यांच्याजवळ कयाक नव्हती, पण सांगड होती. वाळलेले भोपळे एकत्र बांधून तिच्या आधाराने माणूस पाणी कापी. हाताशी असेल त्यातून पाण्यावर तरण्याचे साधन करावयाचे, ही बुद्धी ध्रुवावर आणि भीमेवर एकच. ‘सांगड घालणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच साधनाची आठवण होय.

पण नदी तीच राहिलेली नाही. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले. तेव्हापासून खालच्या भीमेचे पाणी बरेचसे धरणातून केव्हा सुटते यावर अवलंबून असते. 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे आपला चिलापी, आता जाळ्यात सर्रास येतो. जुना मासा दिसेनासा झाला, की काही काळाने त्याचे नावही ओठांवरून जाते. मग ते लॅटिन पुस्तकातच शोधावे लागेल.

तेव्हा मित्रहो, विनोदासाठी नदीवर अवश्य जावे. परंतु गळ टाकण्यापूर्वी काठावरच्या कोळीदादाजवळ घटकाभर बसून माशांची नावे विचारावीत, आणि ती उतरवून घेताना सांगणाऱ्याचेही नाव, त्याच्या परवानगीने, शेजारी लिहावे. नऊशे वर्षांत राहून गेलेली ही नोंद एका सुटीच्या दिवसात सुरू करता येईल.