मांडवीचा सरकारवाडा

बडोद्याला गेलेला गोवेकर लक्ष्मीविलास राजवाडा पाहून येतो आणि धन्य होतो. त्याला दोष देत नाही, तो राजवाडा आहेच तसा. पण गायकवाडांचे जुने घर जुन्या शहरात होते. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांचे रस्ते जिथे मिळतात ती मांडवी, आणि तिच्याजवळ सरकारवाडा.

१८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले आणि नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्या काळी सत्तेचे घर म्हणजे हाच वाडा. १८९० मध्ये लक्ष्मीविलास तयार झाला, आणि मांडवीच्या वाड्याची जुनी शान सरली.

अशा वाड्यांचे पुढे काय होते? बहुधा कचेरी. आपल्या पणजीचा आदिलशहाचा वाडा घ्या. आधी व्हाइसरॉय, मग सचिवालय, मग २००० सालापर्यंत विधानसभा. सत्तेने घर सोडले नाही, फक्त कपडे बदलले.

सयाजीरावांनी मात्र या वाड्यात पुस्तके आणली. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल त्यांनी तिथून बोलावून घेतला. महाराजांच्या खाजगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तके हे भांडवल, आणि सरकारवाड्यात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. बायकांसाठी वेगळी सोय, मुलांसाठी वेगळी. रिकामा वाडा देण्यात त्याग कसला, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तिथे आणखी एक कचेरी थाटणे किती सोपे होते!

शिवाय ही हौस शहरापुरती नव्हती. १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, आणि शिकलेल्या पोराला वाचायला काही मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो. म्हणून गावाने एक हिस्सा जमवला की पंचायतीचा एक आणि सरकारचा एक, अशी वाचनालये उभी राहिली. जिथे तेवढेही जमत नसे तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात, फुकट.

वाड्यातला संस्कृत विभाग तर असा वाढला की १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड ओरिएंटल सीरिज सुरू झाली आणि १९२७ मध्ये त्यातूनच प्राच्यविद्या मंदिर वेगळे निघाले. पुढे ग्रंथालयालाही मांडवीतच खास इमारत मिळाली. तिच्यात लोखंडी मांडण्या आहेत आणि जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. लक्ष्मीविलास पाहून झाला की रिक्षावाल्याला मांडवी सांगा.