कल्हईचं कूळ

ताक पितळेत ठेवलं की कळकतं, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. आंबट पदार्थ पितळेतलं तांबं विरघळवतो. त्यावरचा इलाज म्हणजे कल्हई, भांड्याला आतून दिलेला कथलाचा लेप. हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे वाद आहे. काही जुने अरबी लेखक हिंदुस्थानातल्या ‘कला’ नावाच्या खाणीकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे कथील मुळात दुर्मीळ, आणि मलायात त्याच्या खाणीच खाणी. अरब भूगोलकारांनी कथलासाठी नावाजलेलं ‘कलाह’ बंदर तिकडचंच, बहुधा आजचं केडाह. त्या बंदराचं नाव मालाला चिकटलं.

पण नावावरून माल कुठला ते कळतं, हुन्नर कुणाचं ते नाही. हुन्नर कितीतरी जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी सांगतो, की काशाच्या भांड्याला असा लेप दिला की चव सुधारते, जंगाचं विष आवरतं आणि नवल म्हणजे वजन वाढत नाही. चांदीसारखा दिसणारा कथलाचा मुलामा ही गॉल लोकांची युक्ती, असंही तो नोंदवतो. म्हणजे आपलं ‘कळकणं’ त्यालाही ठाऊक होतं! कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली आहे. व्यापाराच्या त्याच वाटेने कल्हईची भांडीही इकडे उतरली असणार, असा माझा कयास.

मात्र जुन्या काशावरचा प्रत्येक पांढुरका थर कल्हईचा नसतो. ओतकाम निवताना कथील घामासारखं पृष्ठभागावर येतं. मातीत तांबं झिजून गेलं की कथीलच मागे उरतं. ब्रिटिश म्युझियमच्या नायजेल मीक्स यांनी १९८६ साली हा गुंता सोडवण्याची रीत मांडली. ती कळायला आधी कल्हई कशी होते ते पाहू. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. कल्हईवाला भाता चालवतो, नवसागर टाकतो, धूर उठतो, मळ सुटतो. मग तो कथलाची कांडी टेकवून कापसाने गरगर फिरवतो. त्या आचेत तांबं आणि कथील यांची दोन संयुगं एकावर एक बसतात, खालच्यात तांबं जास्त, वरच्यात कथील जास्त. वरची चकाकी झिजली तरी ही जोडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ओतकामाच्या घामात ती तशी नसते, तिथे वेगळंच संयुग सापडतं.

शब्दापेक्षा हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. म्हणून जुहू-अंधेरीच्या फ्लॅटमध्ये आजीचं पातेलं शोभेला मांडलं असेल, तर ते आतून चिंचेने घासून लख्ख करू नका. झिजलेल्या कल्हईचा तो राखाडी थर तसाच राहू द्या, पुरावा त्यातच आहे.