अनध्याय: धर्म शिकवणाऱ्यांच्या सुट्टीचा जुना नियम काय सांगतो?

रविवार हा बहुतेकांच्या सुट्टीचा दिवस. पण मुलांचा संस्कार वर्ग, चर्चमधलं संडे स्कूल किंवा बुद्धविहारातला धम्मवर्ग घेणाऱ्यांसाठी तो कामाचा दिवस असतो. यातले अनेक जण आठवडाभर नोकरी करून हे काम करतात. त्यात ‘देवाच्या कामाला सुट्टी कसली?’ असं कुणी म्हटलं, की दमलोय हे सांगायचीही चोरी होते.

वेदाध्ययनाच्या परंपरेत मात्र सुट्टी हा नियमाचाच भाग होता. त्या सुट्टीचं नाव अनध्याय.

अनध्याय म्हणजे काय?

ज्या दिवशी किंवा ज्या वेळी वेद शिकायचा नाही आणि शिकवायचाही नाही, तो अनध्याय. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे ठरलेले अनध्याय. प्रतिपदाही त्यात धरली जाते. दोन्ही पक्ष मिळून हे महिन्याला ८ दिवस होतात. पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांना आज साधारण तेवढीच सुट्टी मिळते. चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा सलग येतात, म्हणजे जोडून तीन दिवस सुट्टी!

याशिवाय अचानक येणारे अनध्यायही होते. याज्ञवल्क्य स्मृतीत असे ३७ प्रसंग दिले आहेत. वीज चमकली, धुळीचं वादळ आलं, दुर्गंधी पसरली किंवा घरी मान्यवर पाहुणा आला, की पाठ थांबायचा.

नियम मोडला तर?

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात इशारा आहे: अमावास्येचं अध्ययन गुरूचा नाश करतं आणि चतुर्दशीचं शिष्याचा. रामायणात सीतेच्या कृश होण्याला प्रतिपदेला अभ्यास करणाऱ्याच्या विद्येची उपमा दिली आहे. त्या दिवशी शिकलेली विद्या क्षीण होते, ही समजूत त्यामागे आहे.

मग सगळंच बंद?

नाही. मनुस्मृतीच्याच दुसऱ्या अध्यायानुसार रोजचा स्वाध्याय, होमातले मंत्र आणि वेदांगं यांना अनध्याय लागू नाही. म्हणजे शिकवणं थांबायचं, पण गुरूचं स्वतःचं रोजचं पठण चालू राहायचं. इतरांना शिकवण्याच्या गडबडीत धर्मशिक्षकाची स्वतःची साधनाच अनेकदा मागे पडते. तिच्यासाठी इथे जागा राखलेली दिसते.

ही बाजूही लक्षात घ्या

हे नियम थकवा घालवण्यासाठी केलेले नव्हते. त्यांची कारणं शुद्ध-अशुद्ध आणि शुभ-अशुभ यांच्या कल्पनांमध्ये आहेत. शूद्रांच्या उपस्थितीत वेद म्हणू नये, असा नियमही मनुस्मृतीच्या याच भागात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचं दहन झालं, ते अशाच विषमतेच्या विरोधात. त्यामुळे ही यादी जशीच्या तशी आदर्श मानता येणार नाही.

आज घेण्यासारखं काय?

पहिली गोष्ट, सुट्टी आधीच ठरलेली असावी. तिथी पंचांगातच असल्यामुळे गुरूला सुट्टी मागावी लागत नसे आणि शिष्यालाही अपराधी वाटायचं कारण नव्हतं. अनेक मदरशांमध्ये शुक्रवारी सुट्टी असते, तीही अशीच सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली.

दुसरी, सुट्टी दोघांनाही हवी. वर्ग बंद, पण शिक्षक उत्सवाच्या तयारीत, याला अनध्याय म्हणता येणार नाही.

तिसरी, ज्यांचा वर्ग रविवारी असतो त्यांनी आठवड्यातली दुसरी एखादी वेळ मोकळी ठेवावी आणि ती पालकांना आधीच सांगून ठेवावी. त्या वेळेत फोन नाही, बैठक नाही.

तुमच्या मुलांना असं कुणी शिकवत असेल, तर त्यांचा सुट्टीचा दिवस कोणता, हे एकदा विचारून बघा. उत्तर ‘कोणताच नाही’ असं आलं, तर तो दिवस ठरवायला पालक म्हणून तुम्हीच पुढाकार घेऊ शकता.